समरधीराचा तुरा आणि प्रताप सरांचे आबा

जुने विद्यार्थी भेटले की विचारतात, "मॅडम, एवढी वर्षं कॉलेजात काढली, काय कमावलं?" मी म्हणते, किस्से! स्टाफरूममध्ये माणूस जन्मभर बसला म्हणून त्याचं ज्ञान वाढतंच असं न्हाई, पण किस्से मात्र धुळीसारखे साचतात. आज फडकं मारा, उद्या परत हजर. आणि आमच्या स्टाफरूमचे निम्मे किस्से एकाच कवितेचे आहेत!

कॉलेज परतूर तालुक्यातलं. नाव सांगणार न्हाई, पेन्शन चालू आहे माझी. मी भूगोलाची. एम.ए. झालं, पुढचंही सगळं झालं, पण माझ्या 'न्हाई'चं 'नाही' काही झालं न्हाई, तेव्हा सांभाळून घ्या. काळ म्हणाल तर पंच्याऐंशी सालाच्या पुढची काही वर्षं. माझ्या टेबलाला लागून मराठी विभागाची टेबलं होती. त्यामुळे मला हवी असो नसो, ती कविता रोज कानावर आदळायची.

कविता म्हणजे एक जुनं खंडकाव्य. बी.ए.च्या पोरांच्या नशिबाला कायमचं लागलेलं. गोष्ट एवढीच, की समरधीर नावाचा तरणाबांड सरदार लढाईला निघतो. त्याची केतकी त्याला सांगते, मी किल्ल्याच्या सज्जातून बघत राहीन, फेट्यावरचा तुरा काढू नका, त्यावरून मी तुम्हाला ओळखीन. लढाईत शत्रू हुकूम सोडतो, तुरेवाल्याला टिपा! म्हातारा सेनापती ओरडतो, "तुरा उतरव!" पठ्ठ्या उतरवत न्हाई. बाण लागतो. खलास!

आणि यावर दरवर्षी दहा मार्कांचा प्रश्न ठरलेला. 'समरधीराने तुरा का उतरवला नाही? प्रेम, गर्व की शौर्य?'

मराठी विभाग म्हणजे तीन माणसं. प्रमुख टाकळकर सर, पन्नाशीचे, केसांना डाय, खिशात दोन रुमाल. दुसरे प्रताप सर, भोकरदनकडच्या एका गावच्या पाटलाचे चिरंजीव, उंचेपुरे, आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. तिसरी वैशाली साळवे, तासिका तत्त्वावर नेमलेली, शहागडची, वडील झेडपीच्या शाळेत हेडमास्तर. आता जे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं ते तुम्हालाही सांगून टाकते. प्रताप सरांचं आणि वैशालीचं जमलेलं होतं. लग्नाचा शब्द झालेला होता. ती बौद्ध, हा पाटलाचा. स्टाफरूममध्ये यावर कोणी उघड बोलायचं न्हाई, आणि मनात मात्र दुसरं काही नसायचं. वैशालीच्या वडलांना तिनं सांगून टाकलं होतं. प्रताप सरांनी त्यांच्या आबांना सांगायचं तेवढं बाकी होतं. तेवढंच!

* * *

आधी टाकळकर सरांचं सांगते. सर दरवर्षी समरधीराला बाण लागला की वर्गात रडायचे. अगदी त्याच ओळीला. पहिला रुमाल डोळ्यांना, दुसरा नाकाला. पोरांना ही ओळ पाठ झालेली. ती जवळ आली की मागच्या बाकावरची पोरं हळूच पुढं सरकून बसायची, जवळून बघायला मिळावं म्हणून.

एका वर्षी काय झालं, शिपायानं बेल जरा लवकर वाजवली. सरांचा रुमाल निघालेला, डोळे भरलेले, आणि बाण अजून हवेत! पोरं उठायला लागली. सर ओरडले, "बसा खाली! बाण लागू द्या!"

मागून एक पोरगं म्हणालं, "राहू द्या सर, उद्या मारू!"

सर दुसऱ्या दिवशी आले आणि त्याच ओळीपासून सुरू केलं. रडले की न्हाई? बराबर रडले! या माणसाच्या डोळ्यांना वेळापत्रक लावलेलं होतं.

* * *

उत्तरपत्रिकांची तर वेगळीच मजा. टाकळकर सरांनी दहा मार्कांची वाटणी करून ठेवली होती. प्रेमाला तीन, गर्वाला तीन, शौर्याला चार. "शौर्याला एक जास्त का हो?" मी विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, हा मराठवाडा आहे!" स्वतः सर संस्थेच्या सेक्रेटरीची जीप फाटकात दिसली की शर्टाचं वरचं बटण लावायचे, ती गोष्ट वेगळी.

एकदा गोदाकाठच्या एका पोरानं लिहिलं, 'नायकाला तुरा आला होता. तुरा आला की ऊस वाढत न्हाई, वजनात घटतो. म्हणून त्याची तोडणी जवळ आली होती हे शत्रूने ओळखले.' सरांनी त्याला भोपळा दिला आणि पेपर स्टाफरूमभर फिरवून हसले. मी तो पेपर वाचला. म्हटलं, "सर, तुमच्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा हे पटतंय मला."

दुसऱ्या एका पोरीनं लिहिलं होतं, 'गाठ पक्की बसली असेल, सुटली नसेल.' वैशालीनं तिला दहापैकी सात दिले. यावरून विभागात मोठी मीटिंग झाली. प्रताप सर म्हणाले, "साळवे मॅडम, तुम्ही काव्याचा अपमान केला." वैशाली म्हणाली, "सर, तिनं निदान त्याला तुरा काढायचा होता, एवढं तरी धरलं. आपण तर त्याला मरायचीच घाई होती असं शिकवतो."

मी पण एकदा तोंड घातलं. कवितेत किल्ला रणांगणापासून दोन कोसांवर लिहिलाय. म्हटलं, दोन कोसांवरून माणूस दिसत न्हाई, तुरा काय दिसतोय! टाकळकर सर केवढे रागावले. "मॅडम, प्रेमाला अंतर नसतं!"

"सर, डोळ्याला असतं," मी म्हटलं. दोन दिवस त्यांनी माझ्या डब्यातली चटणी मागितली न्हाई.

* * *

गॅदरिंगला या काव्याचं नाटक बसवायचं ठरलं. समरधीर कोण? टाकळकर सर म्हणाले, "अनुभवी माणूस पाहिजे," आणि पोट आत घेऊन उभे राहिले. प्रिन्सिपॉल भले माणूस. म्हणाले, "सर, तुम्ही म्हातारा सेनापती व्हा." सर महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलले.

समरधीर अर्थातच प्रताप सर. केतकीला कोणी पोरगी तयार होईना, म्हणून सेकंड इयरचा एक पोरगा लुगडं नेसून सज्जात, म्हणजे टेबलावर उभा केला. फेटा एका बँडवाल्याकडून आणला, तुऱ्यासकट. तो बिचारा पेटीच्या तळातून काढून देताना म्हणाला होता, "जरा झटकून घ्या सर." पण प्रताप सरांना आरशातून वेळ कुठं! फेटा डोक्यावर चढला तो तास-दीड तास उतरलाच न्हाई. डावीकडून बघून झालं, उजवीकडून बघून झालं.

नाटक रंगलं हो. खोटं कशाला बोलू? प्रताप सर पुढं आले, छाती काढली आणि म्हणायला लागले,

"तुरा उतरता उरलो कोठे? कोण म्हणावे मजला?
मरणासंगे घेउन जातो, ओळख दे जो तिजला!"

आणि एकदम सरांचे डोळे वटारले गेले. फेट्याच्या आत काहीतरी चालून राह्यलं होतं! "विंचू! विंचू!" करत सरांनी फेटा असा भिरकावला की तो थेट पहिल्या रांगेत, प्रिन्सिपॉलच्या मांडीवर! शत्रूचं सैन्य विंगेत पळालं. टाकळकर सर स्टेजवरच दात-ओठ खाऊन म्हणून राह्यले, "तुरा उतरवायचा न्हाई! न्हाई उतरवायचा!"

वैशाली विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करत होती. ती खाली उतरली, फेटा झटकला. झुरळ पडलं. तिनं ते मिशीला धरून उचललं आणि मांडवाबाहेर टाकून दिलं. आणि तेवढ्यात टेबलावरची ती केतकी, लुगडं सावरत, पुस्तकात नसलेलं वाक्य बोलली, "सर, आता मी तुम्हाला ओळखू कसं?"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला! वैशालीही हसली. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्रताप सर त्यावरून तिच्याशी कित्येक दिवस बोलले न्हाईत. ती मला म्हणाली, "मॅडम, ते झुरळाला भ्याले याचं मला काहीच न्हाई. सगळेच भितात. पण मी हसले याचा त्यांना राग आलाय. याचं काय करू?"

मी म्हटलं, "विचार कर." तिनं केला न्हाई. मनापासून जीव लावला होता तिनं.

* * *

मंग सुरू झाले सोमवार. प्रताप सर दर शनिवारी गावाकडं जायचे, आबांना सांगायला. दर सोमवारी यायचे, काहीतरी घेऊन. कधी मक्याची कणसं, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी हरभऱ्याचे डहाळे. आम्ही सगळे शेंगा फोडत बसायचो आणि वैशाली एकच विचारायची, "सांगितलं?"

"पेरणी चालू होती."

"सांगितलं?"

"आबांचा मूड न्हव्हता."

"सांगितलं?"

"पाहुणे आल्ते."

एकदा तर म्हणाले, "म्हैस व्यायली." मला राहवलं न्हाई. म्हटलं, "सर, म्हशीला सांगायचं होतं का?" सर दुखावले. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आबा माहीत न्हाईत. आबा म्हणजे वाघ आहे. मला उभं चिरतील." आणि पुढच्या तासाला वर्गात जाऊन त्याच आवाजात समरधीर सुरू! खिडकीच्या काचा थरथरून राहिल्या होत्या.

इकडं वैशालीला स्थळं येत होती. जालन्याचा बँकेतला एक मुलगा तर सगळ्यांना पसंत होता. तिनं सगळ्यांना नकार दिला. गावात चर्चा कोणाची? तिची. त्याची न्हाई. बाजारात गेली की बायका वळून बघायच्या, आणि हे साहेब पानाच्या टपरीवर सगळ्यांचे नमस्कार घेत उभे. मला तेव्हा असा संताप यायचा की त्या शेंगा गोड लागायच्या न्हाईत. खायचे मी, ते जाऊ द्या.

* * *

शेवटी टाकळकर सरांना स्फुरण चढलं. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "प्रताप, चल! मी येतो तुझ्यासोबत. आबांसमोर मी बोलतो. अरे, आयुष्यभर समरधीर शिकवलाय मी, एका पाटलाला भिऊ काय?"

गुरू-शिष्य रविवारी सकाळी निघाले. सरांनी नवा डाय लावला होता. आम्ही दोघी-तिघी त्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा सरांनी खिडकीतून हात असा केला की जसं काही रणांगणावरच निघालेत.

सोमवारी दोघंही हजर. वैशालीनं विचारलं, "काय झालं?"

टाकळकर सर म्हणाले, "जालन्यापर्यंत पोचलो."

"मंग?"

"स्टँडवर गेलो. नाश्ता केला. भजे छान होते."

"भोकरदनची गाडी लागली न्हाई का?" मी विचारलं.

"लागली होती की," सर म्हणाले. "गर्दी होती."

* * *

वैशालीचे वडील मात्र आले. बापू म्हणायचे सगळे त्यांना. पांढरा शर्ट, टोपी, हातात कापडी पिशवी. शहागडहून दोन गाड्या बदलून आल्ते. मला म्हणाले, "मॅडम, सरांना दोन शब्द विचारायचेत. भांडायला न्हाई आलो. हो म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, एवढंच. पोरीचं वय चाललंय."

प्रताप सर वर्गात होते. म्हटलं, "बसा बापू, बेल झाली की येतील." पण बापू बसले न्हाईत. जाऊन वर्गाच्या दाराबाहेर उभे राहिले. आणि सरांनी आतून त्यांना बघितलं.

बेल झाली. सर बाहेर येईनात! "आणि म्हणून मित्रहो, शौर्य म्हणजे काय..." चालूच. पुढच्या तासाचे सर येऊन दारात उभे राहिले, कंटाळून परत गेले. शिपाई सांगायला गेला, तर त्याला म्हणाले, "रसभंग करू नका!" पोरांची जेवणाची सुट्टी गेली. समरधीराला बाण लागून तो मेला, केतकीचा विलाप झाला, पुस्तक संपलं, तर सरांनी परत पहिल्यापासून उजळणी घेतली! शौर्य, शौर्य आणि शौर्य. दाराबाहेर एक म्हातारा माणूस टोपी हातात घेऊन उभा, आणि आत हा गडी फळ्याला पाठ लावून लढून राह्यला होता.

वैशाली आली. म्हणाली, "बापू, तुमची गाडी चुकेल."

बापू म्हणाले, "आवाज चांगला हाय सरांचा. पार फाटकापर्यंत ऐकू येतोय." आणि पिशवी उचलून निघाले. ती त्यांना स्टँडवर सोडायला गेली.

दोघं फाटकाबाहेर पडली आणि प्रताप सर वर्गाबाहेर. घामानं शर्ट भिजलेला. मला हळूच विचारतात, "गेले का?"

* * *

आणि हा शेवटचा.

त्यानंतर वर्षभरानं, परीक्षेच्या आसपासची गोष्ट. स्टाफरूम भरलेली. दारात एक उंच म्हातारा उभा राहिला. पांढरं धोतर, हातात काठी, काखेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा. मागं प्रताप सर, पेढ्यांचा पुडा घेऊन, मान खाली. हे आबा. आमच्यापैकी कोणीच त्यांना आधी बघितलं नव्हतं. साखरपुडा झाल्याचंही कोणाला माहीत नव्हतं. वैशालीलाही न्हाई.

आबा एकेका टेबलाशी जाऊन स्वतःच्या हातानं पत्रिका देत होते. "यावं लागतंय बरं का, सगळ्यांनी." टाकळकर सर तटकन उठले, प्रताप सरांना मिठी मारली आणि पहिला रुमाल काढला. माझं टाळकं सरकलं. मी मुद्दामच विचारलं, "आबा, एकदम कसं काय ठरलं?"

"एकदम कुठं मॅडम?" आबा हसले. "चार वर्षं झाली, याच्या मागं लागून राह्यलोय. मी याला बराबर विचारलं होतं. एकदा न्हाई, लई बार विचारलं. म्हटलं, बाबा, मनात कोणी आसंल तर जल्दी सांग. कोणाची बी आसू दे. मी स्वतः जाऊन मागणी घालतो, लोकायचं मी बघतो. तर दर बारी याचं एकच उत्तर."

"काय?"

"कोणी न्हाई, आबा."

प्रताप सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. टाकळकर सरांचा रुमाल डोळ्यांशी तसाच राहिला.

आबा वैशालीच्या टेबलाशी पोचले. ती पेपर तपासत होती. "तुझं नाव काय, पोरी?"

"वैशाली साळवे."

"शहागडच्या साळवे हेडमास्तरची का काय? नाव ऐकून हाये मी त्यांचं. चांगला माणूस. त्यांना घेऊन ये लग्नाला." आबांनी पत्रिका तिच्या हातात दिली, पण पुढं गेले न्हाईत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा पोराकडं. "तुम्ही लोकं दिवसभर याच्यासोबत असता. म्हणून विचारून राह्यलो, माझ्या मनाला उगीच लागून राह्यलंय. खोटं तर न्हाई ना बोलला पोरगा माझा?"

वैशालीनं पेनाला टोपण लावलं. उभी राहिली.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "खरंच सांगितलं त्यानं. कोणीच नव्हतं."